मोटरीने दिलेली बातमी

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. घरातल्या दोघा-तिघांनी "तू एकदा पाण्यावर लिही" म्हणून लकडा लावला होता. गंमत म्हणजे त्याच दोघा-तिघांशी याच विषयावरून माझं वाजलेलं आहे. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, यात सगळ्यांनाच थोडं थोडं लागणार आहे, तात्यांना जरा जास्तच. फोन करून भांडायचं असेल तर रात्री नऊनंतर करा.

तर झालं असं. डिसेंबर २०२३ मध्ये, तुळशीची लग्नं उरकल्यावर, संगमनेरला आमच्या घरातलं एक लग्न होतं. आमचं मूळ घर राजूरचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : राजूर म्हणजे अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याच्या रस्त्यावरचं बाजाराचं गाव, डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं ते. वर भंडारदरा, खाली निळवंडे, मध्ये आम्ही. माझे थोरले चुलते, तात्या, अजून तिथेच शेती करतात. मावशी दिली राहात्याकडे, तिथे पेरू आणि ऊस. आणि आक्का दिली पार अंबड तालुक्यात, जालना जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर. म्हणजे बघा, प्रवरा रतनगडावर उगम पावून टोक्याला गोदावरीला मिळते, तिथून पाणी नाथसागरात जातं आणि तिथून कालव्याने पुढे. त्या सगळ्या वाटेवर आमची माणसं बसलेली आहेत. सरकारने इतक्या समित्या नेमल्या, पण खोऱ्यातले सगळे हिस्सेदार एका मांडवात आणणं आमच्या आजीलाच जमलं, मुली लांब लांब देऊन!

जेवायला बसलो (पंगत म्हणायची सवय आहे, होता बुफेच) आणि विषय निघाला. निघणारच होता. त्या वर्षी पाऊस कमी, १५ ऑक्टोबरला जायकवाडी निम्म्याच्याही आत, आणि ३० ऑक्टोबरला आदेश निघाला की वरच्या धरणांतून ८.६०३ टीएमसी पाणी खाली सोडायचं. त्यात प्रवरा समूहाचा वाटा ३.३६ टीएमसी. मग महिनाभर कोर्टकचेऱ्या, मोर्चे, निवेदनं, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस पाणी सुटलं.

दाजी म्हणाले, "उशिरा का होईना, सोडलं एकदाचं."

तात्या ताटातून मान वर न करता म्हणाले, "हां. मला मोटरीनं सांगितलं."

कुणाला काही कळेना. मग तात्यांनी सांगितलं. निळवंड्याच्या फुगवट्याच्या काठावर त्यांची मोटर आहे. रीतसर उपसा परवानगी घेतलेली, पाणीपट्टी भरलेली. दीड एकर कांद्याची लागण करून तीन-चार दिवस झाले होते, आंबवणीचं पाणी द्यायचं होतं. रात्रीची लाइट आली, मोटर चालू केली आणि ती नुसती हवा ओढायला लागली. बॅटरी घेऊन खाली गेले तर फुटबॉल (फूटव्हॉल्व्हला आमच्याकडे फुटबॉलच म्हणतात) चिखलात उघडा पडलेला आणि पाणी काठापासून लांब. दुसऱ्या दिवशी दोन पाइप आणले, जोडले, मोटर खाली सरकवली. चार दिवसांनी परत तेच. त्या आठवड्यात रोपं माना टाकून बसली, निम्म्याच्या वर गेली.

दाजी म्हणाले, "पण तात्या, पेपरात तर महिनाभर रोज येत होतं."

तात्या म्हणाले, "येत होतं ना. आठ पूर्णांक सहाशे तीन. त्यात माझे पाइप किती, ते कुठं होतं?"

मला त्या दिवसापासून हा प्रश्न सुटलेला नाही. पाण्याच्या बाबतीत आपल्याकडे ज्याला 'लोकसहभाग' म्हणतात त्याबद्दल माझी जी काही तक्रार आहे ती सगळी या एका प्रश्नात आहे.

आता लगेच "म्हणजे तू पाणी सोडायच्या विरोधात" असं म्हणू नका. मी विरोधात नाही. हे राजूरकडच्या भावंडांना आवडणार नाही, पण बोलतोच. घाटघर-रतनवाडीला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मावशीच्या राहात्याला चारशे-पाचशे. तो पाऊस घाटघरला पडतो यात आमचं कर्तृत्व काय? ढग काही आमच्या ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन येत नाहीत. २०१२-१३ च्या दुष्काळात दाजींची बारा वर्षं वाढवलेली मोसंबीची बाग वाळली. मुळासकट उपटून सरपण केलं. आक्का तेव्हा फोनवर नुसती रडायची. त्या वर्षी जालना जिल्ह्यात अशा किती बागा गेल्या त्याला गणती नाही. तेव्हा वरच्या धरणांत असेल तर खाली द्यावं लागेल हे तत्त्व मला मान्य आहे. ते २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात आहे, मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्याचं कोष्टक मांडलं (जायकवाडी पासष्ट टक्के भरलं असेल तर सोडायला नको, कमी असेल तर किती सोडायचं वगैरे), प्राधिकरणाने २०१४ मध्ये त्यावर आदेश काढला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटप उचलून धरलं. "आमचं पाणी पळवलं" ही ओरड म्हणून मला पटत नाही.

पण तत्त्व बरोबर असलं म्हणजे तात्यांना अंधारात ठेवणं बरोबर ठरतं का?

यावर हमखास येणारं उत्तर असं की आदेश जाहीर होता, गुप्त काहीच नव्हतं. खरंय. महिनाभर आधी जाहीर होता. आणि तरीही काठावरच्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. कारण जाहीर काय केलं? टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे सुमारे २८३१ कोटी लिटर. हा आकडा वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत असेल तर त्याला माझा नमस्कार. धरणाचा साठा सांगणार दलघमीत, विसर्ग सांगणार क्युसेकमध्ये, जायकवाडी किती भरलं ते टक्क्यांत, आणि भांडण टीएमसीत. तात्यांच्या हिशेबात पाणी पाइपात मोजतात. वीस फुटी पाइप. "औंदा दोन पाइप खाली गेलं" म्हटलं की काठावरच्या प्रत्येकाला कळतं की किती खर्च, किती मजूर आणि मोटरीला किती जोर. ज्याच्याकडे धरणाची पातळी आणि काठाचा नकाशा आहे त्या कार्यालयाला हे भाषांतर करायला एक दुपार पुरे. "अमुक तारखेपासून सोडणार, पंधरा दिवसांत पातळी साधारण इतके फूट उतरेल, मोटरी त्या बेताने सरकवून घ्या." तीन ओळी. त्या राजूरच्या बाजारात एका फळ्यावर खडूने लिहिल्या असत्या तर तात्यांनी लागण आठ दिवस पुढे ढकलली असती किंवा आधीच पाइप जोडले असते. दीड एकर कांदा तीन ओळींसाठी गेला.

आणि पत्ता माहीत नव्हता म्हणावं तर तेही नाही. परवानगीच्या कागदावर तात्यांचं नाव आहे, गट नंबर आहे, मोटर किती हॉर्सपॉवरची ते आहे. पाणीपट्टी थकली तर नोटीस बरोबर दारात येते. पत्ता एकच, पण वाट एकाच बाजूने चालू! तात्या पुढे त्या कार्यालयात विचारायला गेले तेव्हा त्यांना शांतपणे सांगण्यात आलं की तुम्ही लाभधारक नाही.

हा शब्द नीट ऐका, मंडळी. लाभधारक. सगळी गोम तिथे आहे.

पाण्याच्या कारभारात लोकांना बोलवायचं म्हणजे लाभधारकांना बोलवायचं, असा आपल्याकडे शिरस्ता आहे. आणि लाभधारक म्हणजे ज्याची जमीन धरणाच्या लाभक्षेत्रात, कालव्याखाली, भिजते तो. २००५ सालीच आणखी एक कायदा झाला, सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा. चांगला कायदा आहे, मी वाचलाय. त्यात पाणी वापर संस्था आहेत, आणि संस्थेच्या कारभारात कालव्याचं शीर, मध्य आणि पुच्छ या तिन्ही भागांना सारखं स्थान द्यावं अशीही सोय आहे. म्हणजे टोकाच्या शेतकऱ्याचा विचार झालाय. पण शीर कुठून सुरू होतं? कालव्याच्या तोंडापासून. त्याच्या वर काही आहे, कुणी राहतं, हे त्या चित्रात जवळजवळ येतच नाही. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या ते 'बाधित', त्यांचं खातं पुनर्वसनाकडे. फुगवट्याच्या काठावर मोटर टाकणारा 'उपसा परवानाधारक'. डोंगरावरच्या वाडीला प्यायचं पाणी हवं असेल तर ती 'पाणीटंचाई', तिचं खातं तिसरीकडे. ज्या बाईच्या नावावर सात-बारा नाही ती कुठेच नाही. पाणी एकच, पण माणसं निरनिराळ्या कपाटांत. आणि बैठकीची पत्रं फक्त एका कपाटातल्यांना जातात.

भंडारदऱ्याचं धरण १९१० ला सुरू होऊन १९२६ ला पुरं झालं, म्हणजे शंभरीला आलं. अकरा टीएमसीचं. त्याच्या पाण्यावर खाली ऊस उभा राहिला आणि त्या उसावर १९५० मध्ये लोणीचा सहकारी साखर कारखाना, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांचा. त्या कारखान्याचा इतिहास शाळेत शिकवला आम्हाला, आणि तो अभिमानाचा आहेच. मग निळवंडे. १९७० ची कल्पना, धरण व्हायला कित्येक वर्षं, आणि डाव्या कालव्यातून चाचणीचं पाणी वाहिलं ते ३१ मे २०२३ ला. त्या दिवशी मावसभावाने पाण्यात उभं राहून फोटो पाठवला होता. त्रेपन्न वर्षं वाट बघितलेल्या माणसाचा आनंद मी नाकारणार नाही. 'आधी पुनर्वसन, मग धरण' असं म्हणत आमच्या तालुक्यातले लोक भांडले, त्यातून बरंच पदरात पडलं, अकोल्यातल्या काही गावांसाठी वरच्या पातळीवरचे पाइप कालवेही झाले, तेही नाकारत नाही. पण हे सगळं एकेकदा भांडून मिळवलेलं. रोजच्या कारभारात, म्हणजे कधी सोडायचं, किती सोडायचं, कुणाला आधी सांगायचं, यात धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या माणसाला शंभर वर्षांत एक खुर्ची मिळालेली नाही. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आमच्याकडे इतकी वापरून झालीय की आता ती म्हणताना कुणाला हसूही येत नाही.

आवर्तन ठरवायला कालवा सल्लागार समिती असते. नावातच कालवा आहे आणि सल्लागार आहे, त्यामुळे जास्त अपेक्षा करू नये. मंत्री, आमदार, अधिकारी, मोजके शेतकरी प्रतिनिधी. बैठक मंत्र्यांच्या सोयीने, आणि बाहेर आल्यावर दोन ओळींची बातमी : अमुक तारखेला आवर्तन. ही बातमी म्हणजे संवाद, असं धरून चालतात. मला वाटतं आपल्या भाषेत दोन साधी क्रियापदं आहेत, कळवणं आणि विचारणं. सरकारी कागदात दोन्हींच्या जागी 'जनजागृती' घालतात आणि मग ना धड कळवलं जातं ना विचारलं जातं.

माझा एक मित्र पाटबंधाऱ्यात होता, आता निवृत्त झालाय. तो म्हणतो, "अरे, आधी सांगितलं तर लोक अडवतात. चाऱ्या फोडतात, धरणावर जाऊन बसतात. म्हणून पोलीस बंदोबस्त, म्हणून नदीकाठची लाइट बंद." तो खोटं बोलत नाहीये. पाणी सोडताना काठावरच्या मोटरींची वीज तोडतात हे सगळ्यांनी पाहिलंय. पण याचा अर्थ असा होतो ना, की ज्याच्याशी वर्षभर बोललो नाही त्याच्याशी शेवटच्या आठवड्यात बोलायची भीती वाटते, म्हणून थेट पोलीस पाठवायचे! तात्यांसारखा माणूस चाऱ्या फोडत नाही. तो फक्त पुढच्या वर्षी कुणावर विश्वास ठेवत नाही. मग कुणी पुढारी येऊन "आपलं पाणी चाललं" म्हणाला की तो ट्रॅक्टरमध्ये बसून मोर्चाला जातो. गेलेही, त्याच वर्षी.

आता तात्यांची पाळी. (तात्या, हे वाचून दाखवणार आहेत तुम्हाला, माहीत आहे. रागावू नका. रागावलात तरी चालेल.)

त्याच लग्नानंतरच्या उन्हाळ्यात, २०२४ च्या मेमध्ये, मी राजूरला गेलो होतो. पाणी खूप आत गेलं होतं आणि एका आडव्या ओढ्याच्या तोंडाशी डोहासारखं साचलेलं होतं तेवढंच काय ते जवळ. तिथे पाच मोटरी. एक तात्यांची. वरच्या वाडीतल्या बायका त्याच डोहाच्या कडेला झिरा उकरून प्यायचं पाणी भरायच्या. एका पहाटे मी फिरायला गेलो तर तिथे सात-आठ जणी हंडे पालथे घालून नुसत्या बसलेल्या. रात्री पाचही मोटरी चालल्या होत्या, डोह तळाला गेला होता, झिऱ्यात चिखल. एक म्हातारी मला ओळखत होती. म्हणाली, "तुझ्या तात्याला सांग, रातचं सोडनार असला तं सांजच्याला सांगत जा. आम्ही भरून ठेवू." बस, एवढंच. मोटर बंद करा म्हणाली नाही. पाणी आमचं आहे म्हणाली नाही. आधी सांग, म्हणाली.

मी घरी येऊन तात्यांना सांगितलं. तात्या म्हणाले, "त्यांचा काय संबंध? माझी परवानगी आहे."

मी काही बोललो नाही तेव्हा. आता बोलतोय. तात्या, तुम्हाला त्या कार्यालयात जे उत्तर मिळालं तेच तुम्ही त्या म्हातारीला दिलंत. शब्द तेवढे वेगळे.

म्हणून मला हे नुसतं सरकारविरुद्ध जनता असं लिहिता येत नाही. ज्याच्या हातात चाक आहे तो खालच्याला सांगत नाही, आणि खालच्याच्या हातात लहानसं चाक आलं की तोही तसाच वागतो. दाजींनाही विचारलं मी, तुमच्या चारीवर टोकाच्या शेतकऱ्याला पाळी कधी ते कोण सांगतं? दाजी हसले. तिथेही मोटर टाकून कालव्यातून ओढणारे आहेतच. आणि मावशीच्या उसाबद्दल न बोललेलंच बरं. आठमाही पाण्याचा प्रश्न १९७९ च्या समितीपासून चर्चेत आहे. दांडेकर, देऊस्कर आणि आमच्या संगमनेर तालुक्यातल्या जवळे कडलगचे दत्ता देशमुख, या तिघांनी कालव्याचं पाणी आठ महिने, जास्त लोकांना द्या असं मांडलं होतं. अजूनही जूनपर्यंत उसाला पाणी लागतंच लागतं.

दुसरीकडे जमलंय का कुठे? जमलंय, आणि लांब नाही. दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या टोकाला, ओझरच्या बाजूला, पाणी पोचतच नव्हतं. १९९०-९१ च्या सुमारास तिथल्या टोकाच्या शेतकऱ्यांनी बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने तीन संस्था काढल्या. ज्यांना मिळत नव्हतं त्यांनी सुरुवात केली हे लक्षात घ्या. मग हळूहळू वरचेही आले, चोवीस संस्था झाल्या आणि २००३ मध्ये सगळ्या प्रकल्पाची मिळून एक संस्था झाली. पाणी मोजून घेतात, मोजून वाटतात, आणि कुणाला किती गेलं हे सगळ्यांना बघता येतं. तिथे भांडणं होत नाहीत असं नाही, पण भांडायला समोर आकडा असतो आणि तो दोघांना कळणारा असतो.

त्याच्याही आधीचं बघायचं तर खानदेशातली फड पद्धत. पांझरेवर वगैरे, दोन-तीनशे वर्षं जुनी. कुठल्या फडात काय पीक ते सगळे मिळून ठरवणार, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर हवालदार, आणि ही माणसं गावाने नेमलेली. आणि पुरंदरला विलासराव साळुंख्यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर नायगावपासून पाणी पंचायत सुरू केली, तिने तर लाभधारक हा शब्दच उलटा केला. पाणी जमिनीवर नाही, घरातल्या डोक्यांवर. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. ऊस नाही म्हणजे नाही. मला ही कल्पना आजही पन्नास वर्षं पुढची वाटते. त्या हिशेबाने आमच्या वाडीतल्या म्हातारीलाही वाटा निघतो, आणि वाटा निघाला की तिला सांगावंच लागतं.

स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया म्हणून शहर आहे. तिथे दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मोठ्या चर्चच्या दारात कालव्याच्या शेतकऱ्यांनी निवडलेले आठ पंच काळे डगले घालून बसतात. पाण्याच्या तक्रारी तोंडी ऐकायच्या, निवाडा तोंडी, तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर. शेकडो वर्षं चाललंय. २००९ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद घेतली. वाचलं तेव्हा मनात आलं, आमच्या बाजाराच्या दिवशी राजूरला कोण येत नाही? घाटघरपासून माणूस येतो. तिथे एक टेबल, एक फळा आणि धरणावरचा एक माणूस दोन तास बसला तर काय बिघडेल? काळा डगला नसला तरी चालेल.

आता कुणी म्हणेल, हे सगळं आता कशाला? २०२४ मध्ये जायकवाडी भरलं, २०२५ मध्येही भरलं, दारं उघडली, वरून सोडायची वेळच आली नाही. बरोब्बर. म्हणूनच आता. दोन वर्षं पाऊस झाला म्हणून सगळे विसरलेत. मधल्या काळात कोष्टक बदलायचं कामही चालू झालं. मांदाडे यांच्या अभ्यासगटाने पासष्टऐवजी अठ्ठावन्न टक्क्यांची शिफारस केली आणि २०२५ च्या सुरुवातीला त्यावर हरकती-सूचना मागवण्यात आल्या. याच सात टक्क्यांवर पुढच्या दुष्काळात तात्यांचे पाइप आणि दाजींची नवी मोसंबी, दोन्ही ठरणार आहेत. मी दोघांना फोन करून विचारलं, हरकत पाठवली का? तात्या म्हणाले, कशावर? दाजी म्हणाले, कुठे? हे दोघंही रोज पेपर वाचतात.

कायद्यात लिहिलेलं राज्याचं जल परिषदेचं मंडळ २००५ मध्ये कागदावर आलं आणि त्याची पहिली बैठक झाली २०१५ च्या जानेवारीत, तीही प्रकरण कोर्टात गेल्यावर. वरच्यांनाच एकमेकांशी बोलायला दहा वर्षं लागली. त्यांच्याकडून बाजारातल्या फळ्याची वाट बघत बसणं मला काही झेपणार नाही. त्यामुळे या दिवाळीत मी आपल्या घरापुरतं एक केलं. तात्या, दाजी आणि मावसभाऊ यांना एकत्र फोनवर घेतलं. दाजींनी पहिल्यांदाच विचारलं की तात्या, एक टीएमसी गेलं की तुमच्याकडे किती उतरतं? तात्यांनी पाइपात सांगितलं. मावसभावाने कालव्याचं आवर्तन त्यांच्याकडे कधी पोचतं ते सांगितलं. पाऊण तास चाललं. निम्मा वेळ एकमेकांना "तुमचं बरं आहे" म्हणण्यात गेला. शेवटी दाजी म्हणाले, आमच्याकडे पाणी कमी पडणार असं दिसलं तर मी तुम्हाला ऑक्टोबरातच फोन करीन. तात्या "हूं" म्हणाले. तात्यांचं हूं म्हणजे पुष्कळ झालं.

नंतर मी त्यांना परत एकट्याला फोन केला आणि झिऱ्याचं काय म्हणून विचारलं. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "बघतो. तिच्या नातवाकडं मोबाइल आहे का इचारतो."

अजून विचारलेलं नाही, असं परवा काकू म्हणाल्या.